जळगावची दुसरी चांदी

जळगाव म्हटले की सराफ बाजार आठवतो. शुद्ध सोन्यासाठी लांबलांबची गिऱ्हाइके या गावी येतात. त्याच गावच्या विद्यापीठात (आजचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) एक वेगळीच चांदी घडली आहे. तिचे कारागीर आहेत सूक्ष्मजीव.

सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळवले तरी पाणी नितळच दिसते. त्यात योग्य जिवाणूचा किंवा बुरशीचा अर्क मिसळला, की काही काळाने ते तपकिरी होऊ लागते. विरघळलेली चांदी म्हणजे सूक्ष्मजीवांना विषच. पण काही जातींची विकरे तिचे घन धातूत रूपांतर करतात. त्यांचीच प्रथिने त्या कणांभोवती लपेटून बसतात, म्हणून कण एकमेकांना चिकटत नाहीत. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण बहुधा शंभर नॅनोमीटरच्या आतले असतात.

१९९९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी चांदीच्या खाणीतला एक जिवाणू आपल्या पेशीत चांदीचे स्फटिक साठवतो, हे दाखवले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २००१ मध्ये बुरशीकडून आणि २००३ मध्ये एका जिवाणूकडून सोन्याचे कण करवून घेतले. मद्रासच्या आयआयटीने तर २००२ मध्ये ताकातल्या जिवाणूंनाच कामाला लावले! आपल्या विरजणात एवढी करामत असेल, हे कुणाला वाटले होते?

जळगावच्या संशोधकांचा २०११ मधला निबंध मला अधिक जवळचा वाटतो. त्यांनी बुरशीपासून मिळवलेले चांदीचे कण डासांच्या अळ्यांवर वापरून पाहिले; त्यांत डेंग्यू पसरवणारा एडिसही होता. हा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. खानदेशात, धुळे काय नि जळगाव काय, नळाला रोज पाणी येत नाही त्या घरात पिंपे भरून ठेवावीच लागतात. तेव्हा हा प्रश्न थेट आपल्या मोरीतला आहे.

मग हे औषध पिंपात का घालू नये? माझे उत्तर स्पष्ट आहे: इतक्यात नको. अळी मरते, एवढे प्रयोगशाळेत दिसले. तेच पाणी माणूस वर्षानुवर्षे प्यायला तर काय, हे वेगळे तपासावे लागते आणि ते काम निबंध लिहिण्यापेक्षा कितीतरी महाग. ‘जैविक’ शब्दाची भुरळ इथे नडते. कण जिवाणूने बनवला तरी धातू चांदीच. तो बरा-वाईट जंतू निवडून मारत नाही. सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूही त्याच्या तावडीत सापडू शकतात. गटारातल्या गंधकाशी संयोग होऊन बरीचशी चांदी निरुपद्रवी होते, हा त्यातल्या त्यात दिलासा. देवघरातली चांदीची निरांजने काळी पडतात, तीही गंधकामुळेच. पिंपात मात्र तो गंधक नसतो. तोवर आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडे करणे आणि त्यावर घट्ट झाकण ठेवणे, हाच उपाय मी सांगेन.