अनोळखी माणूस दिसला की...

परवा आमच्या सबर्बमधल्या रहिवाशांच्या सभेत पुन्हा तोच सूर: गुन्हे वाढलेत, अनोळखी कोणी दिसलं की पोलिसांना फोन करा. आपली देशी मंडळीही माना डोलावत होती. एफ.बी.आय.ची आकडेवारी मात्र उलटं सांगते: १९९१च्या तुलनेत अमेरिकेतल्या हिंसक गुन्ह्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला आहे.

आणि अशा फोनची किंमत? फेब्रुवारी २०१५. अलाबामातलं मॅडिसन. नातवासाठी भारतातून आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी फिरायला निघाले. कोणीतरी फोन केला. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं. शरीर अंशतः लुळं पडलं.

उद्या आपले आईबाबाही इथे असेच फिरायला निघतील. कुलपं जरूर लावा. पण फोन उचलण्याआधी बघा: तो माणूस काही करतोय, की नुसता चालतोय?