मृत्यूची सरासरी कोणाच्या सोयीची?

मृत्यूच्या नोंदी अपुऱ्या असल्या की वयोगटवार मृत्युमान नमुना-तक्त्यांवरून अंदाजले जाते. कोल व डेमेनी यांनी १९६६ साली रचलेल्या तक्त्यांचा पाया बहुतांशी युरोपीय होता. आपल्या नमुना नोंदणी पद्धतीचे तक्ते देशी खरे. पण त्यांची नजर ‘महाराष्ट्र, नागरी’ याखाली उतरत नाही. म्हणजे उल्हासनगर कॅम्प १ मधला यंत्रकामगार आणि मलबार हिलवरचा धनिक एकाच रकान्यात मरतात! वास्तविक १९६९ च्या कायद्याखालील नोंदीत मृताचे वय आणि व्यवसाय दोन्ही विचारले जातात. मग महापालिकेने हे आकडे कॅम्पवार, व्यवसायवार प्रसिद्ध करावेत. भागायला ताजी लोकसंख्या नाही, ही सबब ठरलेलीच. पण २०११ नंतरची, २०२१ ची शिरगणती टाळली कोणी? कामगारांनी तर नव्हे.