बारवीचं पाणी पितो, बारवीचं ऐकणार कधी?

दर सेमला हॉस्टेलवर एकच चर्चा असते, "प्रोजेक्ट कशावर करायचा?" मग काय, लाइन फॉलोअर रोबो, नाहीतर ऑटोमॅटिक स्ट्रीट लाइट. सीनियरची फाइल आणि नवीन कव्हर! म्हणूनच या अंकात मी एक वेगळा प्रोजेक्ट सुचवते. तो एका ब्रँचचा नाही, सगळ्या कॉलेजचा आहे. आपल्या कॉलेजने कम्युनिटी रेडिओसाठी अर्ज करावा आणि त्यावर सगळ्यात आधी बोलावं ते बारवी धरणात ज्यांची गावं गेली त्या लोकांनी.

बारवीच का? कारण सकाळी आपल्या बादलीत पडतं ते पाणी तिथलं आहे. एमआयडीसीने सत्तरच्या दशकात हे धरण बांधलं ते कारखान्यांसाठी. पुढे उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे, मीरा-भाईंदर, नवी मुंबई अशा शहरांनाही त्याचं पाणी जाऊ लागलं. शहरं वाढली तशी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. आज त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं.

हे झाले आकडे. पण त्या पाण्याखाली मुरबाड तालुक्यातली तोंडली, मोहघर, काचकोली अशी गावं आणि पाडे आहेत. शेवटच्या टप्प्यात उंची वाढली, तरी पुनर्वसनाचा प्रश्न सुटेना, म्हणून वाढीव उंचीइतकं पाणी साठवता येत नव्हतं. ते साठलं २०१९ मध्ये. लोकांची मागणी साधी होती, जमीन गेली तर घरटी एक नोकरी द्या. शेवटी सरकारला ती मान्य करावी लागली आणि एमआयडीसी व पाणी घेणाऱ्या महापालिकांनी या नोकऱ्या द्यायचं ठरलं. भिंत तयार आहे पण पाणी अडवता येत नाही, हा धडा आपल्या हायड्रॉलिक्सच्या कुठल्या पुस्तकात आहे?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तारखा अजून पाठ आहेत. पण १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्यात सेनापती बापट होते, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. याच मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, ऐकताय ना? आणि उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेला कल्याण कॅम्प. कुणी घर सोडून इथे आला, कुणाला इथलं घर सोडावं लागलं. आज दोघंही एकाच बारवीचं पाणी पितात, पण एकमेकांची गोष्ट त्यांना माहीत नाही.

आता रेडिओकडे वळू. हवेतल्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९९५ साली दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. पुढे शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातलं पहिलं कॅम्पस केंद्र सुरू झालं. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. २००८ मध्ये मेदक जिल्ह्यात दलित बायकांनी 'संगम रेडिओ' चालू केला. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाला. त्यांना जमलं, मग ईएक्सटीसी डिपार्टमेंट असलेल्या कॉलेजला का जमू नये? अशा केंद्राची प्रसारणशक्ती साधारण १०० वॅट, अँटेना फार तर ३० मीटर उंच, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. डोंगराआडच्या पाड्यांपर्यंत आवाज पोचतो का, हे मोजणं हाच एक झकास बीई प्रोजेक्ट होईल.

यावर तुम्ही म्हणाल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, रेडिओ कोण ऐकतो? २७ जुलै २०१९ आठवा. बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह पुरात अडकली होती. अशा वेळी धरणाबद्दलची अफवा पाण्याच्याही आधी घरात शिरते. तेव्हा ओळखीच्या आवाजात, आपल्या बोलीत खरी सूचना सांगणारं कुणीतरी हवं. आणि त्या आवाजावर लोकांचा विश्वास बसायला हवा असेल, तर त्याने एरवीही लोकांचं ऐकलेलं असलं पाहिजे.

दुसरी अडचण खरी आहे. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या लावता येतात. राजकीय विषयही वर्ज्य. त्यामुळे "धरणग्रस्त नको, करिअर गायडन्स घ्या" असं मॅनेजमेंट म्हणेल, याची भीती वाटते. माझ्या मते हा नियमच भित्रा आहे. तरीसुद्धा एखाद्या आजीने आपलं घर, शेत, गावदेवी कुठे होती हे सांगणं ही बातमी नाही, तो इतिहास आहे. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरलाही त्याच माइकवर बोलवावं. त्यांचेही कष्ट कुणी ऐकलेले नाहीत.

तिसरी अडचण आपली स्वतःची. सबमिशन आली की सगळे गायब, आणि दर वर्षी एक बॅच पासआउट! म्हणून निवेदक आणि कार्यक्रम ठरवणारे पाड्यांतले, कॅम्पातले लोकच असावेत. आपण फक्त मशीन सांभाळायचं. नियमही हेच सांगतो, निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने झाले पाहिजेत.

लायसन्सला वेळ लागेल. रेकॉर्डिंगला मात्र मोबाइल पुरतो आणि एक रविवार पुरतो. सत्तरच्या दशकात पहिलं पाणी चढताना ज्यांनी जाणतेपणी पाहिलं, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यासाठी पुढच्या सेमची वाट बघण्यात अर्थ नाही. ज्यांना यायचंय त्यांनी मराठी विभागाकडे नाव द्यावं. ब्रँचची अट नाही, मराठी शुद्ध असण्याची तर मुळीच नाही.