सोबतीला लेडीज टीचर

"टीचर, तुम्ही बरोबर जाणार असाल तर पाठवतो. नाहीतर राहू द्या."

हे वाक्य मी किती पालकांच्या तोंडून ऐकलं असेल, याचा हिशोब नाही. कर्जत, नेरळ, दामत, खोपोली, खालापूर. गाव बदलतं, वाक्य तेच. आणि मी जाते. मी उर्दू आणि मराठी शिकवते. खेळाशी माझा संबंध इतकाच की मी बाई आहे. मुलींचा संघ बाहेर जायचा असला की कागदावर एका शिक्षिकेचं नाव लागतं, आणि जिच्या घरी आता लहान मूल नाही, तिचं नाव आधी लिहिलं जातं.

यंदा हा विषय पुन्हा डोक्यात आला तो एका जुन्या विद्यार्थिनीच्या फोनमुळे. ती आता सीनियर कॉलेजात आहे. तिच्या कॉलेजनं विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी मुलींचा टेनिस संघ उतरवायचं ठरवलं होतं. मी आधी चमकलेच. आमच्या भागात टेनिस म्हणजे टेनिस बॉलचं क्रिकेट. प्रत्येक मैदानावर रविवारी तेच चालतं. टेनिसची कोर्टं कर्जतच्या आसपास आहेत, नाही असं नाही, पण ती फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या कुंपणाआड, मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. ही मुलगी बॅडमिंटन चांगलं खेळायची. रॅकेट हातात बसलेली, म्हणून सरांनी तिला संघात घेतलं. महिनाभर कुठूनतरी कोर्ट मिळवून सराव झाला. आणि एन्ट्री पाठवायच्या वेळी गाडी अडली. सर म्हणाले, लेडीज टीचर मिळाली तर नाव पाठवतो. लेडीज टीचर मिळाली नाही. कुणाच्या परीक्षेच्या ड्युट्या, कुणाच्या सासूबाई आजारी. संघ गेलाच नाही.

ती रडली नाही. फक्त म्हणाली, "टीचर, आमच्या संघात सगळं होतं, बाई नव्हती."

त्या कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नाही. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत मुलींच्या संघाचा 'कोचिंग स्टाफ' म्हणजे एक क्रीडा शिक्षक. तोच क्रिकेट बघतो, तोच बुद्धिबळ, तोच २६ जानेवारीची परेड. त्याच्या जोडीला माझ्यासारखी एखादी बाई, जिला खेळातलं काही कळत नाही.

किती कळत नाही ते सांगते. काही वर्षांपूर्वी मुलींच्या कबड्डी संघाबरोबर मी अलिबागला गेले होते. खोपोली, पेण, वडखळ करत एसटीनं. निम्म्या मुलींना वाटेत गाडी लागली. दुसऱ्या सामन्यात एका मुलीचा पाय मुरगळला. सर धावत आले आणि चार हातांवर थांबले. त्यांना हात लावायचा संकोच, आणि त्यात गैर काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून मलम काढलं आणि घोटा चांगला दाबून चोळला, जसं आमची अम्मी चोळायची. वर गरम पाण्याची पिशवी मिळते का ते बघायला एका मुलीला पिटाळलं. शेजारच्या संघाच्या बाई होत्या, ट्रॅकसूट घातलेल्या, गळ्यात शिट्टी. त्या आल्या आणि जवळजवळ ओरडल्याच, "अहो चोळू नका! बर्फ लावा, पाय वर ठेवा!" तोवर व्हायचं ते झालं होतं. ती मुलगी पुढे महिनाभर लंगडत वर्गात यायची आणि मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. सरांकडे माहिती होती, माझ्याकडे परवानगी होती, आणि पाय त्या मुलीचा होता.

पायाचं निदान दिसतं तरी. न दिसणाऱ्या गोष्टी किती! एखादी मुलगी पाळीच्या दिवसांत सरावाला मागे राहते. सरांना वाटतं कामचुकार आहे. ती सांगत नाही, ते विचारत नाहीत. पुढच्या वेळी संघातून नाव कापलं जातं आणि कारण लिहिलं जातं 'गैरहजर'. उभं कसं राहायचं, कंबर किती वळवायची, हे दाखवायला हात धरून सांगावं लागतं. आमचे सर दहा फुटांवरून शब्दांत सांगायचे, आणि मी मध्ये दुभाष्यासारखी. भाषा शिकवणाऱ्या बाईला ते काम जमायला हवं होतं, पण ज्या भाषेतून भाषांतर करायचं तीच मला येत नव्हती.

आता दुसरं टोक बघा. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले, श्रीरामपूरची. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली ती. ही मुलगी अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली आहे. तिथल्या कॉलेज टेनिसची रीत मला वाचून फार आवडली. टेनिस हा एकट्याचा खेळ असं आपण समजतो, पण तिथे ती संघाची लढत असते. आधी दुहेरीचे तीन सामने, त्यातले दोन जिंकणाऱ्याला एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक गुण. सातातले चार ज्याचे, तो संघ जिंकला. सहा कोर्टांवर एकाच वेळी सहा मुली खेळत असतात आणि प्रशिक्षक या कोर्टावरून त्या कोर्टावर फिरत, मधल्या वेळात मुलीशी बोलत असतात. एक मुख्य प्रशिक्षक, त्याचे सहायक, व्यायाम घेणारा वेगळा, दुखापत बघणारा वेगळा. एका कॉलेजच्या मुलींसाठी! आमच्याकडे जिल्ह्यालाही इतकी माणसं मिळणार नाहीत.

पण या चित्रात एक मेख आहे, आणि ती आपल्या कामाची आहे. अमेरिकेत १९७२ साली शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करू नये असा कायदा झाला. तोपर्यंत कॉलेजच्या महिला संघांना शिकवणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायकाच होत्या. कायद्यानं मुलींच्या खेळाला पैसा आला, शिष्यवृत्त्या आल्या, प्रशिक्षकाला चांगला पगार आला. आणि पगार आला तसे पुरुष आले. आज तिथे महिला संघांच्या प्रशिक्षकांत निम्म्याही बायका उरलेल्या नाहीत. टेक्सास ए अँड एमच्या मुली २०२४ साली राष्ट्रीय विजेत्या झाल्या, तेव्हा त्यांचे मुख्य प्रशिक्षक मार्क वीव्हर हे पुरुषच. त्यांनी उत्तम काम केलं, यात शंका नाही. पुरुषानं मुलींना शिकवू नये असं मी म्हणतच नाही. रायगडात मुलींची कबड्डी वाढली ती कितीतरी सरांच्या घामावर. माझं म्हणणं एवढंच की मुलींची संख्या वाढली म्हणून शिकवणाऱ्या बायका आपोआप वाढत नाहीत. त्या मुद्दाम घडवाव्या लागतात.

घडवल्या तर काय होतं, त्याचं उदाहरण दूर नाही, नाशिकला आहे. शैलजा जैन. महाराष्ट्रात आयुष्यभर कबड्डी शिकवलेल्या बाई. भारतीय संघाची जबाबदारी काही त्यांना मिळाली नाही. इराणनं बोलावलं, त्या गेल्या. शाकाहारी मराठी बाई, परका देश, भाषा येत नाही. त्या फारसी शिकल्या, मुलींना योग आणि प्राणायाम शिकवला. २४ ऑगस्ट २०१८ ला जकार्तात आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात हिजाब घातलेल्या इराणी मुलींनी भारताला २७-२४ असं हरवलं. आधीची दोन्ही सुवर्णं भारताची होती. त्या दिवशी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोप येईना ती दुसऱ्याच कारणानं. डोकं झाकलेल्या मुली कबड्डीत जग जिंकतात, त्यांना शिकवणारी आमच्याच महाराष्ट्रातली बाई, आणि माझ्या वर्गातल्या मुलीला मात्र खालापूरहून अलिबागला पाठवायला 'माहौल' आडवा येतो.

माहौल हा शब्द आपण फार वापरतो. त्यामागची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. हरियाणात १९९० साली चौदा वर्षांची एक मुलगी टेनिस खेळत होती. राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष मोठा पोलीस अधिकारी. त्यानं तिच्याशी गैरवर्तन केलं. तिनं तक्रार केली, आणि तिच्या घरच्यांचं जगणं कठीण झालं. तीन वर्षांनी तिनं जीव दिला. कोर्टाचा निकाल आला २००९ च्या डिसेंबरात, एकोणीस वर्षांनी, सहा महिन्यांची शिक्षा. ती पुढे वाढून दीड वर्ष झाली. ज्या बापानं हे वाचलंय, तो "टीचर, तुम्ही जाणार का" असं विचारणारच. त्याला मागास म्हणून हिणवणं मला जमत नाही.

कायद्यानंही हे ओळखलं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जून २०२२ मध्ये एका महिला सायकलपटूनं परदेशातल्या शिबिरात प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यावर भारतीय क्रीडा प्राधिकरणानं नियम केला की पथकात महिला खेळाडू असतील तर बरोबर महिला प्रशिक्षक हवीच. शब्द नीट वाचा, महिला प्रशिक्षक. सोबतीला लेडीज टीचर नव्हे. पर्समध्ये मलम घेऊन बसलेली मी त्या नियमात बसत नाही.

आता घरातलं बोलू. आपण सगळे विचारतो, "संघाबरोबर बाई आहे का?" पण ती बाई कुणाच्या घरातून येणार? मुलगी बारावी झाली की आपल्या मोहल्ल्यात दोन रस्ते असतात, डी.एड. किंवा बी.ए. करून बी.एड. मीही त्याच रस्त्यानं आले, तक्रार नाही. शिक्षिका होणं इज्जतीचं मानतात. पण बी.पी.एड. म्हटलं की घरात शांतता. "पळायला शिकायला कॉलेज कशाला?" असं एका आजीनं मला विचारलं होतं. आजीला मी हजरत आयेशा (रजि.) यांची आठवण दिली. पैगंबर मुहम्मद (स.) त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावत, आणि एकदा त्या जिंकल्याही होत्या. आजी हसली. म्हणाली, "ती गोष्ट घरातली होती गं." मला पुढे सुचलं नाही, हे कबूल.

सानिया मिर्झाचं नाव घेतलं की सगळे माना डोलावतात. २००५ साली तिच्या कपड्यांवर किती गदारोळ झाला, तेही आठवतं. पण तिच्या मागे कोण होतं ते आपण सोयीनं विसरतो. वडील इम्रान मिर्झा तिला शिकवायचे, आई नसीमा बरोबर फिरायच्या. तिचा स्टाफ तिच्या घरात होता. खोपोलीत कंपनीत पाळी करणाऱ्या किंवा नेरळला टेम्पो चालवणाऱ्या बापाला ते परवडणार आहे का? त्याच्या मुलीसाठी ती व्यवस्था बाहेरच हवी, कॉलेजात, पगारावर.

म्हणून कॉलेज चालवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. सगळ्या खेळांना वेगवेगळ्या प्रशिक्षक द्या असं कुणी म्हणत नाही. निदान एक बाई अशी ठेवा, जिला शिट्टी वाजवता येते आणि मुरगळलेला पाय समजतो. दोन-तीन कॉलेजांनी मिळून एक ठेवली तरी चालेल. सरावाची वेळ खोपोली लोकल बघून ठरवा. ती एक चुकली की पळसदरीची, केळवलीची, डोळवलीची मुलगी अंधार पडेपर्यंत स्टेशनवर बसून राहते आणि दुसऱ्या दिवशीपासून तिचा सराव बंद. माझ्यासारख्यांनाही पाठवायचंच असेल, तर आधी काही शिकवून पाठवा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हाला कसल्या कसल्या प्रशिक्षणांना बसवतात, त्यातलं एखादं कमी करून हे दिलं तर मी आनंदानं जाईन. पंचेचाळिशीत पळवतील, तेवढं पळेन.

आणि आपल्या जमातीच्या संस्थांनी, ज्या दरवर्षी गुणवंत मुलींना ट्रॉफी देतात, त्यांनी एका मुलीची बी.पी.एड.ची दोन वर्षांची फी भरून बघावी. ट्रॉफ्या कपाटात पुष्कळ झाल्यात.

ती टेनिसवाली मुलगी गेल्या आठवड्यात घरी आली होती. पदवीचं शेवटचं वर्ष आहे. बी.पी.एड.च्या सीईटीची माहिती काढायची होती. मोबाईलवर आम्ही दोघी बसलो, कागदपत्रांची यादी केली. चहा झाला. जाताना तिच्या अब्बांचा फोन आला, तिनं माझ्याकडे दिला. सलाम-दुआ झाली. खर्च किती, हॉस्टेल कुठे, सगळं विचारून झालं. मग थोडं थांबून ते म्हणाले, "टीचर, तिथे शिकवायला लेडीज आहेत ना?"

मी म्हटलं, चौकशी करून सांगते.