ढिगारा उपसणारे हात आणि शत्रुत्वाची भिंत : ग्रीस-तुर्कस्तानचा अनुभव

१७ ऑगस्ट १९९९ च्या पहाटे तीन वाजून दोन मिनिटांनी तुर्कस्तानातील इझमित परिसर भूकंपाने हादरला. सरकारी आकड्यांनुसार १७ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मदतीसाठी सर्वात आधी पुढे आलेल्या देशांमध्ये ग्रीस होता. ग्रीक अग्निशमन दलाचे ‘इमाक’ हे आपत्ती पथक ढिगारे उपसायला पोहोचले. ग्रीक शहरांत लोकांनी औषधे आणि कपडे गोळा केले, रक्तदान केले.

तीनच आठवड्यांनी, ७ सप्टेंबरला, अथेन्स हादरले. तिथे १४३ जणांचा बळी गेला. या वेळी तुर्की पथके निघाली. त्यांत ‘आकुत’ ही संघटनाही होती. १९९६ मध्ये गिर्यारोहकांनी स्थापन केलेली ही स्वयंसेवकांची संघटना नुकतीच इझमितच्या ढिगाऱ्यांत राबली होती. तुर्की तरुण अथेन्समध्ये ग्रीक माणसांना शोधताहेत, हे दृश्य ग्रीक जनतेने टीव्हीवर पाहिले. त्याआधी तुर्की वृत्तपत्रांनी चक्क ग्रीक भाषेत आभाराचे मथळे छापले होते.

हे किती मोठे होते, ते कळण्यासाठी आधीचा इतिहास पाहावा लागतो. १९२३ च्या लोझान करारानुसार दोन्ही देशांनी धर्माच्या आधारे लोकसंख्येची अदलाबदल केली. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आणि सुमारे चार लाख मुस्लिम आपल्या गावांना मुकले. १९५५ मध्ये इस्तंबूलमधील ग्रीकांची घरे आणि दुकाने जमावाने फोडली. १९७४ मध्ये सायप्रसची फाळणी झाली. १९९६ मध्ये एजियन समुद्रातील दोन ओसाड खडकांवरून दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले. फेब्रुवारी १९९९ मध्ये कुर्द नेता अब्दुल्ला ओजलान नैरोबीत पकडला गेला आणि त्याला तिथल्या ग्रीक दूतावासाने आसरा दिल्याचे उघड झाले. तेव्हा तुर्कस्तानात संतापाची लाट उसळली होती. भूकंप त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी आला.

मग भूकंपाने मैत्री घडवली का? असे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य आहे. तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्री इस्माइल जेम आणि ग्रीसचे यॉर्गोस पापांद्रेऊ यांच्यात भूकंपाच्या आधीच पत्रव्यवहार झाला होता. कोसोवोतील युद्धाच्या काळात दोघे एकमेकांच्या जवळ आले होते. जुलैमध्ये पर्यटन, पर्यावरण, व्यापार अशा कमी वादाच्या विषयांवर अधिकाऱ्यांची बोलणी सुरूही झाली होती. अडचण वेगळी होती. शत्रूशी हात मिळवला तर आपलेच लोक आपल्याला गद्दार ठरवतील, ही भीती दोन्हीकडच्या नेत्यांना होती. सामान्य माणसांनी ती भीती काढून टाकली. लोक नेत्यांच्या पुढे गेले आणि नेत्यांना पाऊल टाकायला जागा मिळाली.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. डिसेंबर १९९९ मध्ये हेलसिंकी येथे ग्रीसने आपला विरोध मागे घेतला आणि तुर्कस्तानला युरोपीय संघाचा उमेदवार देश म्हणून मान्यता मिळाली. २००० च्या सुरुवातीला दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी एकमेकांच्या राजधानीला भेट दिली आणि नऊ करारांवर सह्या झाल्या.

पण प्रत्येक भूकंप असे करत नाही. ३० ऑक्टोबर २०२० रोजी सामोस बेट आणि इझमीर शहर एकाच भूकंपाने हादरले. दोन्ही नेत्यांनी एकमेकांचे सांत्वन केले. मात्र त्या वर्षी पूर्व भूमध्य समुद्रातील वायुसाठ्यांवरून युद्धनौका समोरासमोर आल्या होत्या. तो तणाव सांत्वनाने मिटला नाही. २०२२ मध्ये तर ग्रीक पंतप्रधान मित्सोताकिस आपल्यासाठी अस्तित्वातच नाहीत, असे एर्दोगान जाहीरपणे म्हणाले. ६ फेब्रुवारी २०२३ च्या महाभूकंपात तुर्कस्तानात ५० हजारांहून अधिक माणसे गेली. ‘इमाक’ पुन्हा तातडीने धावले. काही दिवसांतच ग्रीक परराष्ट्रमंत्री भूकंपग्रस्त भागात पोहोचले. या वेळी बोलणी पुढे सरकली आणि डिसेंबर २०२३ मध्ये अथेन्स येथे मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. २०२४ पासून तुर्की नागरिकांना काही ग्रीक बेटांवर उतरताच सात दिवसांचा व्हिसा मिळू लागला.

म्हणजे आपत्ती दार उघडते, पण आत जाण्याचे काम माणसांनाच करावे लागते. संवादाची तयारी आधीपासून असेल आणि नंतरही कोणी चिकाटीने काम करत राहील, तरच सद्भावना टिकते. नाहीतर ढिगारे हलले की जुनी भाषा परत येते.

दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी. मदत म्हणजे न्याय नव्हे. सायप्रस आजही दुभंगलेले आहे. ग्रीसने एजियनमध्ये सागरी हद्द बारा मैलांपर्यंत वाढवली तर ते युद्धाचे कारण मानू, हा तुर्की संसदेचा १९९५ चा ठराव कायम आहे. इस्तंबूलजवळच्या हाल्की बेटावरील ऑर्थोडॉक्स धर्मविद्यालय १९७१ मध्ये बंद झाले. १९९९ च्या मैत्रीने त्याचे दार उघडले नाही. पश्चिम थ्रेसमधील मुस्लिम अल्पसंख्याक आपला मुफ्ती निवडण्याच्या हक्कासाठी झगडत राहिले. करुणेच्या लाटेत हे प्रश्न वाहून गेले नाहीत, आणि जाऊही नयेत. मैत्रीच्या नावाखाली हक्कांचा प्रश्न बाजूला सारणे ही मैत्री नव्हे.

तरीही १९९९ ने एक मोठे काम केले. शत्रूची जी कहाणी पिढ्यान्‌पिढ्या शाळेत, घरात आणि भाषणांत सांगितली जात होती, तिला डोळ्यांनी पाहिलेल्या अनुभवाने तडा गेला. ज्याने आपल्या माणसासाठी रात्रभर दगड उपसले, त्याला राक्षस म्हणणे कठीण होते. हक्कांची बोलणी करायची तर आधी समोरचा माणूस म्हणून दिसावा लागतो. ‘आकुत’चे स्वयंसेवक कोणत्याही मंत्र्याच्या आदेशावर अवलंबून नव्हते. त्यांच्याकडे भूकंपाआधीच संघटना होती, सराव होता, साधने होती. म्हणूनच वेळ आली तेव्हा ते सीमा ओलांडू शकले. ऐनवेळी नुसता कळवळा असून भागत नाही, त्याची तयारी शांततेच्या दिवसांतच करावी लागते.