समुद्र बघायला गेले अन् कलम शिकून आले

दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर जायचं ठरलं, की घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळा समुद्र असतो. मुलांना लाटा दिसतात, नवऱ्याला सुरमईचं ताट दिसतं, सासूबाईंना गणपतीपुळ्याचं देऊळ दिसतं. मला रोपवाटिका दिसतात. पूर्वी हे मी कुणाला सांगत नसे. बाई सहलीला निघाली तरी कुंड्यांचाच विचार करते, हे कबूल करायला लाज वाटायची. आता वाटत नाही. का, तेच आज सांगायचंय.

नंदुरबारहून कोकण वाटतं तेवढं अवघड नाही. तापी लाइनच्या गाडीनं सुरत गाठायचं, तिथून कोकणात उतरणाऱ्या गाड्या मिळतात. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये आणि आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तोही १९९८ मध्येच, १ जुलैला. त्यामुळे ही गाडी मला उगाचच आपल्या वयाची, आपल्यातलीच वाटते.

पहिल्या खेपेला मी रत्नागिरीकडून डझनभर रोपं आणली होती. जायफळ, दालचिनी, काळी मिरी, लाल एक्झोरा आणि हापूसची दोन कलमं. गाडीत सीटखाली पिशव्या, पायाशी माती, येणाऱ्या-जाणाऱ्याची बोलणी, सगळं सोसलं. घरी पोचले तर शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माय वं, दर्या देखाले गयथी का झाडे लेवाले?"

हसू तेव्हा आलं. रडू आलं ते आखाजीला. तोवर जायफळ वाळलं होतं, दालचिनीची पानं करपली होती. एक्झोराची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. हापूसच्या एका कलमानं मान टाकली, दुसरं नुसतं उभं होतं. घरात एकच वाक्य झालं, "तुझ्या हाताला यशच नाही." आणि मैत्रिणींनो, मी ते खरं मानलं. बाईचं असंच असतं ना? दूध नासलं तर आपला हात, लोणच्याला बुरशी आली तर आपला हात, झाड मेलं तरी आपलाच हात.

हात नव्हता, माती होती. हे कळायला मला पुन्हा समुद्रावर जावं लागलं.

कोकणातली माती जांभ्या खडकाची. तांबडी, भुसभुशीत, आंबट गुणाची. पाणी पडलं की खाली निघून जातं. आपल्याकडची काळी माती चिकट आणि चुनखडीची. पाणी धरून ठेवते, मुळं गुदमरतात. तिच्यात लोह असतं, पण चुन्यामुळे काही झाडांच्या मुळांना ते घेता येत नाही. एक्झोराची पानं पिवळी पडली ती त्यामुळे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आपल्या वाट्याला त्याच्या पाव हिस्सा आला तरी आपण वर्ष बरं गेलं म्हणतो. जायफळाला माडांची सावली आणि दमट हवा लागते. त्याला मी वैशाखातल्या खानदेशी झळांमध्ये गच्चीवर ठेवलं होतं. म्हणजे एखाद्या पोरीला परक्या गावात द्यायचं, तिला काय सोसतं काय नाही ते विचारायचं नाही, आणि ती खंगली की म्हणायचं, हिच्यातच काहीतरी खोट होती.

दुसऱ्या खेपेला मी घरच्यांशी करार केला. तुमचे तीन दिवस तुमचे, त्यातल्या दोन सकाळी माझ्या. पहिल्या सकाळी मुलं आणि त्यांचे बाबा भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत खेळत बसले आणि मी जवळच्याच नारळ संशोधन केंद्रात गेले. कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र विद्यापीठापेक्षाही जुनं. दापोलीचं विद्यापीठ १९७२ चं, हे केंद्र १९५५ चं. तिथली लाखी बाग बघण्यासारखी आहे. वर माड, त्याच्या बुंध्यावर चढलेली काळी मिरी, मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, खाली अननस. चार जावा एका घरात नांदाव्यात तशी झाडं आणि तरी भांडण नाही, कारण प्रत्येकीच्या वाट्याला ऊन-सावलीचा आपापला तुकडा आहे.

तिथेच एक गोष्ट कळली. जायफळ आणि कोकम यांच्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बी लावलं तर बरीच झाडं नर निघतात आणि ते कळायला पाच-सात वर्षं जातात. म्हणून मादी झाडाच्या फांदीचं कलम बांधतात. आंब्याचं कारण वेगळं, पण उत्तर तेच. आपल्याकडच्या आंब्याची कोय लावली तर आईसारखंच फळ येईल याची खात्री नसते. हापूस इतकी वर्षं हापूस राहिला तो कोयीमुळे नाही, कलमामुळे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्यावर कलमं बांधायला लागले, तेव्हापासून फांदीवरून फांदी अशी ती साखळी चालत आली आहे.

दुसरी सकाळ एका खासगी रोपवाटिकेत गेली. हिरव्या जाळीखाली सात-आठ बायका ओळीनं बसून काजूची कलमं बांधत होत्या. एका हातात चाकू, दातात प्लॅस्टिकची पट्टी. बोलणं चालू, हात चालू. माझ्याच वयाची एकजण माझी पिशवी बघून म्हणाली, "वहिनी, कुठून आलात?" मी सांगितलं. तशी ती म्हणाली, "मग काजू नेऊ नका, पैसे वाया जातील. तुमच्याकडे काय होतं ते सांगा." मी म्हटलं, "मिरची, कापूस, केळी, पपई. आणि आंबा आहे, पण गावठी."

"आंबा आहे ना? मग त्याच्यावरच बांधा की. गावठी असला म्हणून काय झालं?"

तिनं अर्ध्या तासात मला कोय कलम समजावलं, दोन काड्या घेऊन करून दाखवलं. पावसाळ्यात कोयी रुजवायच्या. रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असतानाच ते कोयीच्या वर चार बोटांवर छाटायचं आणि मधोमध चीर द्यायची. ज्या झाडाचं फळ हवं त्याची तेवढ्याच जाडीची, टोकाचा डोळा फुगलेली काडी घ्यायची. तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली हवीत. काडीचं टोक पाचरीसारखं तासून चिरेत बसवायचं, साल सालीला भिडवायची, पट्टीनं घट्ट बांधायचं आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून सावलीत ठेवायचं. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला तर कलम लागलं. चाकू धारदार हवा आणि हात स्वच्छ, बस्स.

निघताना रोपवाटिकेची पाटी वाचली. मालकाचं नाव, फोन नंबर, हापूस-काजूची जाहिरात. ज्या हातांनी कलमं लागतात त्यांचं नाव कुठेच नाही. त्या बायका रोजानं येतात. त्यांच्या हातचं जगलेलं झाड साठ-सत्तर वर्षं फळ देतं आणि आपण ते कौतुकानं मालकाच्या नावानं ओळखतो. आपल्या जिल्ह्यात तरी वेगळं काय आहे? धडगाव, मोलगीच्या डोंगरातल्या बायका चैत्र-वैशाखात कैऱ्या सोलून, चिरून उतारावर वाळवतात. ते आमचूर व्यापाऱ्याकडे जातं, देशभरच्या चाटमध्ये पडतं. खाणाऱ्याला ना ती बाई माहीत, ना ते झाड.

त्या खेपेला मी एकही रोप आणलं नाही. एक कलमाचा चाकू आणि पट्टीचं भेंडोळं आणलं. काकूंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि या वेळी काहीच बोलल्या नाहीत.

माझ्या माहेरी, शहादा तालुक्यात, बांधावर आजोबांच्या हातचा शेंदऱ्या आंबा होता. लहान फळ, पातळ रस, वर शेंदरी झाक. आखाजीला माहेरी आलेल्या आम्ही सगळ्या त्याच्याच फांदीला झोका बांधायचो. त्याच वर्षी भावांच्या वाटण्या झाल्या. बांध मधोमध आला, झाड कुणाच्याच वाट्याला नीट येईना. पाडायचं ठरलं. मला विचारलं नाही, विचारण्याची रीतही नाही. मी भांडले नाही. आषाढात गेले, काड्या घेऊन आले. वीस कोयींवर बांधल्या. तेरा मेल्या, सात लागल्या. आज तिथे त्या झाडाचा बुंधाही नाही. पण त्याच्या सात फांद्या सात घरी आहेत. दोन भावांच्या शेतात एकेक आहे, मीच नेऊन दिली. घेताना दोघेही जरा वेळ गप्प होते.

कुणी म्हणेल, गावठी आंब्याला बाजारात भाव नाही, लावायचं तर केशर लावावं. खरं आहे. पोटासाठी बाग लावायची तर केशरच लावा, आपल्या कोरड्या हवेला तो मानवतोही. पण लोणच्याला करकरीत आंबट कैरी लागते, आमचुराला आंबटपणा लागतो, तो काही हापूस-केशरात मिळत नाही. शिवाय सातपुड्यात आणि तापीकाठी बांधाबांधांवरचा प्रत्येक जुना आंबा एकुलता एक आहे. रस्ता रुंद झाला, वाटणी झाली, वादळ आलं, की ती चव गेली. कोय लावून ती परत येत नाही. कलमानं येते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. समुद्रावर जरूर जा. दापोली, वेंगुर्ला, रत्नागिरी, कुठेही. तिथल्या बागा बघा, पण बघून भुलू नका. रोप उचलण्याआधी विचारा की हे काळ्या मातीत, बेचाळीस अंशांत जगेल का. नाही म्हणाले तर आमसुलं घ्या, समाधानानं परत या. रोपापेक्षा तिथल्या बायकांच्या हातातली विद्या आणा, तिला पिशवी लागत नाही, पाणीही लागत नाही. आणि कोकणात जाणं जमलं नाही तरी आपल्या कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारायला तर कुणी अडवलेलं नाही.

आणखी एक. सहलीतल्या दोन सकाळी स्वतःसाठी मागून घ्या. दोन नाही तर एक तरी. घरचे कुरकुर करतील, मग समुद्रात खेळत बसतील. कुणाचं काही अडत नाही, हे मी बघून आले आहे.