नाव एक, गावे अनेक : ‘रेडिओ सिटी’ ते ‘आकाशवाणी सांगली’

१/ सांगलीत ९१.१ वर ‘रेडिओ सिटी’ लागते. याच नावाची आणखी दोन केंद्रे इंग्लंडमध्ये गाजली. तिघांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. मग रेडिओच्या नावाला अर्थ किती? मित्रहो, या धाग्यात इतिहास आहे आणि शेवटी माझे मतही. #थ्रेड

२/ यांतील सर्वांत जुनी ‘रेडिओ सिटी’ थेम्स नदीच्या मुखाशी होती. महायुद्धानंतर ओस पडलेल्या सागरी किल्ल्यावरून १९६४ मध्ये विनापरवाना प्रक्षेपण सुरू झाले. १९६६ मध्ये मालक रेजिनाल्ड कॅल्व्हर्ट यांचा गोळी लागून मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी केंद्र बंद पडले.

३/ दुसरी लिव्हरपूलची, रीतसर परवान्याची. आरंभ २१ ऑक्टोबर १९७४. जवळजवळ ५० वर्षांत ते नाव त्या शहराचेच होऊन गेले. २०२४ मध्ये मालक कंपनीने ते पुसले आणि इतर शहरांतही चालणारे ‘हिट्स रेडिओ’ हे नाव लावले.

४/ तिसरी आपली. ३ जुलै २००१ रोजी बंगळुरूत सुरू झालेले हे देशातील पहिले खासगी एफएम केंद्र. पुढे मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर आणि सांगलीतही तेच नाव आले.

५/ ‘आकाशवाणी’ हे नावही मुळात एकाच गावचे. १९३५ मध्ये म्हैसूरला प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी चालवलेल्या केंद्राचे ते नाव पुढे देशाचे झाले. मात्र त्यापुढे गावाचे नाव टिकले. १९६३ पासून ‘आकाशवाणी सांगली’. कृष्णेच्या वरच्या अंगाला ‘आकाशवाणी सातारा’.

६/ हे जोडनाव केवळ शोभेचे नाही. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडला कृष्णेत मिळते आणि सांगलीकडे येते. तेव्हा सांगलीकराचा प्रश्न एकच : आयर्विन पुलापाशी किती फूट? ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते.

७/ म्हणून माझे मत असे : नाव दहा शहरांनी वाटून घेण्यात काही गैर नाही. पण नावाबरोबर निवेदन, बातमी आणि बोलीही बाहेरून येऊ लागली, की गाव फक्त बाजारपेठ उरते. आयर्विनची पातळी ज्याला ठाऊक आहे, तोच माणूस माइकसमोर हवा. मग केंद्राचे नाव काहीही असो.

तुमच्या गावाचे नाव रेडिओवर शेवटचे कधी ऐकलेत?